बिनतारी कान आणि वाटसरू



आपल्या शहरांतील पुष्कळ घरांचीं मुलें हल्लीं अमेरिकेंत किंवा इंग्लंडांत स्थायिक झालीं आहेत. सुटींत तीं घरीं येतात, तेव्हां त्यांच्या सामानांत तऱ्हेतऱ्हेचीं चिमुकलीं यंत्रें असतात. त्यांपैकीं एका यंत्राविषयीं आज मला बोलावयाचें आहे. त्याला स्कॅनर असें म्हणतात. दिसावयास तें हातांत मावणाऱ्या रेडिओसारखेंच असतें. परंतु साधा रेडिओ आपण लावलेल्या केंद्रावर स्थिर राहतो. स्कॅनर मात्र एकामागून एक लहरी चाचपीत जातो आणि जेथें कोणाचा आवाज सांपडेल तेथें थांबतो. मग तो आवाज आगीच्या बंबावरील माणसांचा असो, विमानाच्या चालकाचा असो, किंवा पोलिसांचा असो. असें यंत्र पिशवींत घालून एखादा पाहुणा पुण्याहून शिवनेरी पाहावयास किंवा भीमाशंकराच्या दर्शनास निघाला, तर तो कायद्याच्या मर्यादेंत राहतो काय?

उत्तर आधींच सांगून टाकतों. परवान्यावांचून तो त्या मर्यादेंत राहत नाहीं. पोलिसांचा एक शब्दही त्यानें ऐकला नसला, यंत्र बंद असलें, तरीही नाहीं. हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ऐकलें नाहीं तर गुन्हा कसला? या प्रश्नाचें उत्तर आपल्या बिनतारी कायद्याच्या इतिहासांत आहे. आणि त्या इतिहासाचे कांहीं धडे समजून घ्यावयास जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांइतका योग्य मुलूख दुसरा क्वचितच सांपडेल.

वाटसरूच्या गांठोड्यांत काय आहे असें विचारण्याची चाल या मुलुखांत फार जुनी आहे. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेंत येत असे. घाटाच्या माथ्यावर राणी नागनिकेच्या लेखाचें लेणें आहे, आणि जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं पडत, अशी लोकांची समजूत आहे. राज्यसत्ता आणि प्रवासी यांचा हा जुना व्यवहार सोपा होता. मालाचें मोल ठरावें, जकात द्यावी आणि पुढें चालूं लागावें. बिनतारी यंत्राच्या बाबतींत मात्र सरकारनें मोलाकडे पाहिलें नाहीं. त्या यंत्रानें काय ऐकूं येईल, याकडे पाहिलें.

आरंभ झाला तो तारेपासून. १८८५ सालच्या भारतीय तार कायद्यानें तारायंत्र उभारण्याचा व चालविण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. दुसऱ्याच्या तारेंतील मजकूर अन्यायानें जाणून घेण्याचा प्रयत्न करणाऱ्यास त्यांत शिक्षा सांगितली होती. तत्त्व पत्रासारखेंच होतें. पाकीट ज्याच्या नांवाचें त्यानेंच फोडावें. तारेच्या बाबतींत हें तत्त्व पाळावयास अवघड नव्हतें, कारण तार खांबावरून जाई आणि ती चोरून ऐकावयाची तर खांबावर चढावें लागे, किंवा तारमास्तराच्या खोलींत शिरावें लागे. गुन्हेगार दिसत असे.

बिनतारी विद्या आली आणि हा बंदोबस्त डळमळला. लहरींना खांब नाहीं आणि पाकीटही नाहीं. त्या ज्याच्या त्याच्या छपरावरून जातात. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. घरांत रेडिओ ठेवणारानें वर्षाला दहा रुपये परवाना-फी द्यावी, आणि त्या उत्पन्नांतून कंपनीनें कार्यक्रम चालवावेत, अशी योजना होती. त्या काळीं दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. शिवाय परवाना न काढतां ऐकणारास पकडणेंही कठीण होतें. माजघरांत पडदा ओढून कोणी गाणें ऐकत बसला, तर तें सरकारास कळावें कसें? कंपनी तीन वर्षांच्या आंत बुडाली. १९३० सालीं सरकारनें ध्वनिक्षेपण आपल्या हातीं घेतलें आणि १९३६ सालीं त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें.

याच अडचणींतून १९३३ चा भारतीय बिनतारी कायदा जन्मास आला. १ जानेवारी १९३४ पासून तो अमलांत आला. त्याचें मर्म एका शब्दांत आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘बाळगणें’. ऐकणें सिद्ध करतां येत नाहीं; पण यंत्र घरांत आहे हें दाखवितां येतें. म्हणून परवान्यावांचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरविण्यांत आला. यंत्राची व्याख्याही तशीच ऐसपैस होती. बिनतारी संदेशवहनासाठीं वापरलेलें, किंवा वापरतां येण्याजोगें, कोणतेंही साधन तींत येत असे. आणि संदेशवहनांत संदेश घेणेंही धरलें होतें. ‘वापरतां येण्याजोगें’ या शब्दांकडे श्रोत्यांनीं लक्ष द्यावें. वापर केला कीं नाहीं, हा प्रश्नच तेथें उरला नाहीं.

प्रवाशाच्या दृष्टीनें आणखी एक कलम महत्त्वाचें होतें. यंत्र ज्याच्या उघड ताब्यांत आहे, किंवा ज्याच्या हुकमतीखालच्या जागेंत आहे, तोच तें बाळगतो असें न्यायालयास गृहीत धरतां येत असे. म्हणजे ‘पिशवी माझी, पण यंत्र भावाचें’ ही सबब सहजासहजीं चालण्यासारखी नव्हती. नुसतें ऐकण्याचें यंत्र असेल तर पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत आणि पुढच्या अपराधास अडीचशें रुपयांपर्यंत दंड होता. संदेश पाठविण्याच्या यंत्रास पुढें दुरुस्तीनें तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आली. यंत्र जप्त होई तें वेगळेंच.

असा हा कायदा मुळांत फीच्या वसुलीची सोय म्हणून आला. परंतु राज्यकर्त्यांच्या हातीं तो लौकरच दुसऱ्या उपयोगाचा ठरला. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच हौशी बिनतारीवाल्यांचीं प्रक्षेपणें बंद करण्यांत आलीं. १९४२ च्या ऑगस्टमध्यें ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांचीं तोंडें बांधलीं गेलीं, आणि मुंबईंत कांहीं तरुणांनीं काँग्रेस रेडिओ नांवाचें गुप्त केंद्र चालू केलें. त्यांत उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी होती. डॉ. राममनोहर लोहिया यांचें साहाय्य होतें. पोलिसांस सुगावा लागूं नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. नोव्हेंबर १९४२ मध्यें पोलिसांनीं तें पकडलें. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनीं आपल्या पुण्याच्या येरवड्याच्या तुरुंगांत भोगली. १९४६ सालीं त्या सुटल्या. लहरींवर सरकारची एवढी करडी नजर कां असते, याचें उत्तर त्या खटल्यांत आहे. ज्याच्या हातीं लहरी, त्याचा शब्द तटबंदी ओलांडून जातो. पारतंत्र्यांत आपण त्या शब्दाच्या बाजूचे होतों, हें विसरून चालावयाचें नाहीं.

आतां पोलिसांकडे वळूं. पोलिसांच्या मोटारींत बिनतारी यंत्र टिकाऊपणें प्रथम आलें तें अमेरिकेंतील डेट्रॉईट शहरीं, १९२८ सालीं. तें एकतर्फी होतें. ठाण्यावरून हुकूम सुटे, गाडींतील शिपाई तो ऐके, आणि उत्तर द्यावयाचें तर त्यास वाटेंत उतरून दूरध्वनी शोधावा लागे. शिपायास ऐकूं येई तें घरोघरच्या रेडिओवरही ऐकूं येई. दरोड्याची बातमी ऐकून बघे पोलिसांच्या आधीं जागेवर हजर होऊं लागले, आणि दरोडेखोरांनाही कान होतेच. आपल्याकडे निरनिराळ्या प्रांतांच्या पोलिसांची बिनतारी व्यवस्था एकसूत्रीं गुंफण्यासाठीं १९४६ सालीं केंद्रीय गृहखात्यांत स्वतंत्र शाखा निघाली. जुने कायदे स्वतंत्र भारतानें तसेच पुढें चालविले.

या एकाच अडचणीवर निरनिराळ्या देशांनीं निरनिराळे उपाय केले, ते तुलनेसाठीं पाहण्यासारखे आहेत. इंग्लंडांत १९४९ च्या बिनतारी कायद्यानें, आणि आतां २००६ च्या कायद्यानें, जो संदेश आपल्यासाठीं नाहीं त्याचा मजकूर जाणण्याच्या हेतूनें यंत्र वापरणें हा अपराध ठरविला. स्कॅनर जवळ असणें तेथें गुन्हा नाहीं. अमेरिकेंत पोलिसांचें सांकेतिक न केलेलें संभाषण ऐकण्यास संघराज्याच्या कायद्याची सामान्यतः हरकत नाहीं. परंतु न्यूयॉर्क, इंडियाना, केंटकी, फ्लोरिडा, मिनेसोटा अशा कांहीं राज्यांनीं तसें यंत्र मोटारींतून नेण्यावर निर्बंध घातले, आणि हौशी परवानेवाल्यांना त्यांतून सवलती दिल्या. तात्पर्य, इंग्लंडनें गुन्हा कानांत मानला, अमेरिकेच्या या राज्यांनीं तो गाडींत मानला आणि आपण तो हातांत मानला. तिकडून येणारा आपला भाचा किंवा नातू गोंधळांत पडतो तो येथेंच. दुकानांत राजरोस विकत घेतलेली वस्तु विमानांतून उतरतांच अपराधाची कशी होते, हें त्यास उमगत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, रेडिओचे परवाने तर केव्हांच बंद झाले. खरें आहे. आमच्या लहानपणीं वडील दरवर्षीं टपालकचेरींत जाऊन फी भरीत आणि परवान्याच्या पुस्तकांत तशी नोंद करून आणीत. तें पुस्तक शिधापत्रिकेच्या शेजारीं कपाटांत जपून ठेवलेलें असे. १९८० नंतरच्या दहा वर्षांत ती पद्धत टप्प्याटप्प्यानें संपली. पण सूट मिळाली ती सर्वांसाठीं प्रसारित होणारे कार्यक्रम ऐकण्याच्या यंत्रांना. पोलिसांच्या लहरींवर बोललें जातें तें सर्वांसाठीं नसतें. म्हणून स्कॅनर त्या सुटींत बसत नाहीं. हौशी बिनतारीवाल्यास परीक्षा देऊन परवाना मिळतो. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत अशा मंडळींनीं निरोप पोंचविण्याचें मोलाचें काम केलें. तथापि त्यांचा परवाना त्यांना नेमून दिलेल्या लहरींपुरता असतो. पोलिसांचें बोलणें ऐकण्याची ती सनद नव्हे.

२००८ सालीं मुंबईवर जो हल्ला झाला, त्यांत हल्लेखोरांनीं उपग्रह-दूरध्वनीचा उपयोग केला होता. तेव्हांपासून सरकारची दृष्टि अधिकच कडक झाली. याचा ताप निरपराध प्रवाशांसही होतो. डिसेंबर २०२४ मध्यें गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन बाईंच्या सामानांत उपग्रहाद्वारें संकटसंदेश पाठविणारें लहानसें यंत्र सांपडलें आणि त्यांना अडविण्यांत आलें. रानांत वाट चुकली तर जीव वांचावा म्हणून जें यंत्र गिर्यारोहक बाळगतात, तेंच त्यांच्या अडचणीचें कारण झालें. भीमाशंकराच्या रानांत किंवा नाणेघाटाच्या कड्यावर जाणाऱ्या आपल्या तरुणांनींही हें ध्यानांत ठेवावें. एकमेकांशीं बोलण्यासाठीं त्यांना वॉकी-टॉकी हवा असेल, तर ४४६ मेगाहर्ट्झच्या ठराविक पट्ट्यांत व ठराविक अल्प शक्तीवर चालणारीं मान्यताप्राप्त यंत्रें परवान्यावांचून वापरतां येतात. बाजारांत मिळतें तें सर्वच त्यांत बसत नाहीं.

आतां जुन्नरकडे परत येऊं. कारण ऐकण्याचें शास्त्र काय असतें, हें पाहावयाचें तर तेथेंच जावें लागतें. नारायणगांवाजवळच्या आर्वी येथें १९७१ सालीं आपल्या देशाचें उपग्रह-दळणवळणाचें भूकेंद्र सुरू झालें. त्यास पुढें डॉ. विक्रम साराभाई यांचें नांव देण्यांत आलें. सातासमुद्रांपलीकडचे दूरध्वनी, तारा आणि चित्रें आर्वीच्या त्या प्रचंड थाळींतून देशांत येत. म्हणजे आपल्या लोकांचे परदेशांतील आप्तांशीं होणारे खासगी बोल त्या शिवारावरून जात, आणि आसपासचे शेतकरी आपले मळे शिंपीत. ते बोल ऐकावे असें त्यांच्यापैकीं कोणाच्या मनांत आलें असतें, तरी साध्य नव्हतें.

नारायणगांवाच्या पूर्वेस खोडद आहे. तेथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली आणि २००१ सालीं ती राष्ट्रास अर्पण झाली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या मुलुखांत पसरल्या आहेत. जागेच्या निवडीचें एक मोठें कारण शांतता हें होतें. तेथें मनुष्यानें केलेला लहरींचा गोंगाट कमी, आणि सह्याद्रीच्या रांगांचा आडोसा. ही दुर्बीण स्वतः एक अक्षरही पाठवीत नाहीं, केवळ ऐकते. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास तेथें प्रदर्शन भरतें. नोकरींत असतांना विद्यार्थ्यांना घेऊन तेथें जाण्याचा योग मला आला. दुर्बिणीजवळ मोबाईल बंद ठेवावे लागतात. मुलांना प्रथम त्याचा राग येतो. परंतु अब्जावधि वर्षांपूर्वीं निघालेली क्षीण लहर येथें टिपावयाची आहे, असें सांगितलें कीं तीं आपण होऊन यंत्रें बंद करतात.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपीय अंतराळ संस्थेचें स्कियापारेली नांवाचें यान मंगळावर उतरत होतें. त्याचा दुबळा संदेश कोट्यवधि मैलांवरून खोडदच्या थाळ्यांनीं टिपला, आणि उतरण्याच्या अखेरीस तो एकाएकीं थांबल्याचेंही तेथेंच प्रथम ध्यानांत आलें. यान मंगळावर आपटून नष्ट झालें होतें. हाही परक्याचा निरोपच. परंतु तो ऐकण्याची योजना त्या संस्थेच्या सहकार्यानेंच झाली होती. स्कॅनरवाला आणि खोडदचा शास्त्रज्ञ यांच्यांतील भेद येथें स्वच्छ दिसतो. दोघांचें यंत्र एकाच जातीचें आहे. फरक आहे तो संमतीचा.

पोलिसांच्या बोलण्याला ही संमती कां लागावी? कारण त्या बोलण्यांत पोलिसांचींच गुपितें नसतात, आपलीं असतात. हरवलेल्या मुलीचें नांव, जिच्यावर अत्याचार झाला तिचा पत्ता, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या घराची खूण, अपघातांतील मृताचें वर्णन, हें सर्व घाईच्या वेळीं लहरींवरून जातें. घरच्या मंडळींस कळण्यापूर्वीं तें अनोळखी माणसाच्या कानीं पडावें, हें कोणासही रुचणार नाहीं.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; ती सरकारची खासगी मिरास नाहीं. मालमत्ता सर्वांची, तर तिचा उपयोग लोकांच्या कल्याणासाठीं झाला पाहिजे, आणि संकटाची खबर लोकांस वेळेवर मिळणें हें त्या कल्याणांत पहिलें. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला. दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. ही वार्ता बाहेर आली ती कशी? त्या वाटेनें एस. टी. घेऊन आलेल्या चालकास गांव जागेवर दिसेना, आणि त्यानें ती वर्दी दिली. आर्वी व खोडदपासून हें गांव फार दूर नाहीं. अंतराळांतले आवाज टिपणाऱ्या मुलुखाच्या शेजारीं एका गांवाचा आक्रोश माणसाच्या डोळ्यांनींच जगास कळवावा लागला. म्हणून ‘ऐकूं नका’ असें नागरिकांस बजावणाऱ्या सरकारवर ‘आम्ही वेळेवर सांगूं’ हें उलट कर्तव्य येतें. जेथें खरी बातमी अधिकृत तोंडानें तत्काळ कळते, तेथें चोरून ऐकण्याचा मोह आपोआप कमी होतो.

संसदेनें २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा केला. १८८५ आणि १९३३ च्या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा त्यानें घ्यावयाची आहे, आणि २०२४ पासून त्याचीं कलमें टप्प्याटप्प्यानें अमलांत येऊं लागलीं. त्यांतही रेडिओ-उपकरण बाळगण्यास सरकारची अनुमति लागते हें जुनें सूत्र कायम आहे. शिवाय दुसऱ्याचा संदेश बेकायदेशीरपणें मध्येंच टिपणारास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटि रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी जबर शिक्षा त्यांत आहे. नव्वद वर्षांपूर्वीं दहा रुपयांच्या फीसाठीं योजलेला ‘बाळगणें’ हा शब्द असा आजवर टिकून राहिला आहे.

माझ्या अल्प मतीस असें वाटतें कीं, या शब्दास आतां हेतूची जोड मिळावी. चोरून ऐकणारास शिक्षा अवश्य व्हावी. परंतु अजाणतेपणीं यंत्र आणणारास बंदरावर व विमानतळावर ठळक अक्षरांत आधीं सूचना मिळावी, आणि यंत्र जमा करून परतीच्या वेळीं नेण्याची सोय असावी. नाणेघाटांत जकात मागणारा रांजण तरी वाटेवर, सर्वांना दिसेल असा ठेवलेला होता.

तोंपर्यंत आपल्या हातीं आहे तेवढें आपण करावें. परदेशांतील मुलांना पत्र लिहितांना इतर सूचनांबरोबर एवढेंही लिहावें, कीं स्कॅनर, उपग्रह-दूरध्वनि आणि उपग्रहाशीं बोलणारीं संकटयंत्रें अनुमतीवांचून आणूं नका. आणीबाणींत पोलिसांचें बोलणें ऐकत बसण्यापेक्षां ११२ या क्रमांकावर पोलिसांना आपलें बोलणें ऐकवावें. त्यास परवाना लागत नाहीं. शिवनेरीवर जावें, भीमाशंकरास जावें, आणि वाटेंत मंचर-नारायणगांवच्या रस्त्यानें जातांना, याच मुलुखांत रात्रंदिवस कान देऊन बसलेल्या थाळ्यांची मुलांना आठवण द्यावी. कोणतें ऐकणें विद्या आहे आणि कोणतें चोरी, हें त्यांना तेथें समजावून सांगणें सोपें जाईल.